नवे शहर, जुनी मोटार

नव्या गावी बिऱ्हाड थाटणाऱ्या माणसाला पहिली काही वर्षे एका गोष्टीची उणीव सतत जाणवते, आणि ती म्हणजे ओळखीची. आपल्या गावी वाणी उधारी देतो, डॉक्टर अपरात्री दार उघडतो, आणि एखाद्याची फटफटी विकत घ्यावयाची झाली तर तिचा सारा इतिहास पारावर फुकट ऐकावयास मिळतो. विकणाराही बेताने बोलतो, कारण उद्या त्याला त्याच रस्त्याने जावयाचे असते. ही व्यवस्था कोठे लिहिलेली नसते, पण ती असते. आपल्या भाषेने तिला ‘पत’ हा दोन अक्षरांचा शब्द दिला आहे. गाव सोडताना माणूस भांडीकुंडी बरोबर आणतो, पत मात्र मागे राहते.

नवी मुंबई हे अशी पत मागे ठेवून आलेल्या माणसांचे शहर आहे. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि आगरी, कोळी व इतर शेतकरी कुटुंबांच्या जमिनी संपादन करून खाडीपलीकडे शहर वसविण्याचे काम सुरू झाले. १९७३ साली वाशीचा पहिला खाडीपूल झाला, १९९२ साली लोकल गाडी वाशीस पोचली, आणि मुंबईतील घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने तुर्भ्यास हलले. त्यांच्यामागून साताऱ्याकडचा माथाडी कामगार आला, ऐरोली-महाप्याच्या कचेऱ्यांत संगणकावर काम करणारा लातूर-जालन्याचा तरुण आला, केरळातील व उत्तरेकडील कुटुंबे आली. येथल्या मूळ गावकऱ्यांचा अपवाद सोडला, तर आपण सारेच केव्हा ना केव्हा ट्रंक घेऊन येथे उतरलेले आहोत.

अशा माणसास मोटारीची गरज चैनीसाठी लागते असे नाही. रात्रपाळी सुटते तेव्हा लोकल बंद असते; गावाहून आलेल्या वृद्ध आईवडिलांना रुग्णालयात न्यावयाचे असते; दिवाळीला पोराबाळांसह घाट चढून गावी जावयाचे असते. नवी मोटार आवाक्याबाहेरची, म्हणून तो जुनीकडे वळतो. यात कमीपणा काहीच नाही. तरीही ओळख नसलेल्या माणसाची सर्वांत मोठी परीक्षा याच व्यवहारात होते.

आमच्या परिचयातील एक तरुण मराठवाड्यातून येऊन घणसोलीस राहिला. दोन वर्षांच्या बचतीतून त्याने एका दलालामार्फत सहा वर्षे वापरलेली मोटार घेतली. गाडी स्वच्छ होती, चालण्यास बरी होती, किंमतही बेताची होती. पैसे दिले, किल्ली घेतली, इमारतीत पेढे वाटले. नाव चढविण्यास गेल्यावर कळले की आधीच्या मालकाचे कर्ज अजून फिटलेले नाही. दलालाने फोन उचलणे सोडले. मूळ मालकास शोधून, त्याचे थकलेले हप्ते स्वतः भरून प्रकरण मिटविण्यास सात महिने लागले. जी मोटार वडिलांना उपचारासाठी नेण्याआणण्यास घेतली, ती इमारतीखाली धूळ खात उभी राहिली आणि वडील रिक्षानेच जात राहिले. हा तरुण काही अडाणी नव्हता. त्याने यंत्र नीट पाहिले होते. कागद पाहिला नव्हता, एवढेच.

असे का घडते याचा उलगडा अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी एका निबंधात केला. योगायोग असा की तो निबंधही सिडकोच्या जन्माच्या वर्षीच, १९७० साली, प्रसिद्ध झाला. अमेरिकेत दगा देणाऱ्या गाडीला बोलीभाषेत ‘लिंबू’ म्हणतात, म्हणून निबंधाचे नावही ‘लिंबांचा बाजार’ असेच होते. विवेचन साधे आहे. जुन्या गाडीचे खरे दुखणे विकणाऱ्यास ठाऊक असते, घेणाऱ्यास नसते. म्हणून घेणारा सर्वच गाड्यांना मध्यम भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक गाडी बाजारात आणत नाही, वाईट गाडीचा मालक आनंदाने आणतो, आणि बाजारात वाईट मालाचे प्रमाण वाढत जाते. या विचारासाठी अकरलॉफ यांना २००१ साली इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. जेथे ओळख उरली नाही तेथे हमी, दाखला, नोंद यांसारख्या गोष्टींनी तिची जागा घ्यावी लागते, हे या विवेचनाचे तात्पर्य. परगावच्या माणसाने मोटार घेताना हेच सूत्र हाती धरावे असे आम्हांस वाटते.

गंमत अशी, की कर्ज देणारा हे सूत्र पक्के जाणतो. आपण त्याच्या दारात गेलो की तो आपला चेहरा पाहत नाही, कागद पाहतो. पूर्वी १९०४ च्या कायद्याने आपल्याकडे सहकारी पतपेढ्या निघाल्या, तेव्हा त्यांचा पायाच मुळी ओळख हा होता: एका गावची माणसे एकमेकांस ओळखतात, म्हणून एकमेकांसाठी जामीन राहतात. शहरात ते काम आता नोंदींवर आले आहे. २००० साली स्थापन झालेल्या ‘सिबिल’ या संस्थेचे नाव सर्वांच्या तोंडी असते; तिच्यासारख्या एकूण चार संस्था आपल्या कर्जफेडीचा हिशेब ठेवतात व ३०० ते ९०० च्या दरम्यान गुण देतात. ज्याने कधी कर्जच काढले नाही त्याला गुणच नसतात. आयुष्यभर कोणाचे देणे न ठेवणारा सज्जन या वहीत कोरा निघतो, आणि कोऱ्या पानावर कर्ज देण्यास सावकार कचरतो. परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलांचा अनुभवही असाच. अमेरिकेत उतरलेल्या मराठी अभियंत्याचा येथील चोख व्यवहार तेथे सहसा जमेस धरला जात नाही. त्यालाही पहिल्या मोटारीच्या वेळी नव्याने पत उभारावी लागते.

तेव्हा नव्याने आलेल्याने काय करावे? आपला पगार ज्या बँकेत जमा होतो तिच्याकडे प्रथम जावे, कारण आपली थोडीफार ओळख तिच्याच खात्यात आहे. कचेरीत नोकरदारांची पतसंस्था असल्यास तिचे सभासद व्हावे. पदरची रक्कम जास्त घालून कर्ज कमी मागावे. भाड्याच्या घराचा करार नोंदवलेला असावा; महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ही नोंदणी सक्तीची आहे, आणि आधार कार्डावर गावचा पत्ता असणाऱ्यास येथील वास्तव्याचा पुरावा म्हणून हाच करार बँकेत व परिवहन कार्यालयात उपयोगी पडतो. स्वतःचा कर्ज-अहवाल वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. तो मागवून त्यात चुकीची नोंद नाही ना, हे आधीच पाहावे.

कर्ज मिळते असे दिसले की माणूस हुरळतो आणि व्याजाचा दर नीट विचारीत नाही. येथे एक हिशेब मांडतो. समजा, चार लाखांचे कर्ज तीन वर्षांसाठी ‘फक्त आठ टक्के फ्लॅट’ दराने देऊ केले. वर्षाचे व्याज ३२,००० रुपये, तीन वर्षांचे ९६,०००. एकूण फेड ४,९६,००० रुपये, म्हणजे ३६ हप्ते प्रत्येकी सुमारे १३,७७८ रुपयांचे. वरवर हे आठ टक्के दिसतात. पण दर हप्त्याला मुद्दल कमी होत असते, आणि व्याज मात्र अखेरपर्यंत पुऱ्या चार लाखांवर आकारलेले असते. उतरत्या शिलकेवर हिशेब केला तर खरा दर साडेचौदा टक्क्यांच्या आसपास निघतो. हप्ता जड वाटतो म्हणून त्याच खऱ्या दराने मुदत पाच वर्षांची केली, तर हप्ता सुमारे ९,४०० वर उतरतो. पण व्याजाची रक्कम ९६ हजारांवरून एक लाख पासष्ट हजारांच्या घरात जाते. शिवाय मोटार रोज म्हातारी होत असते. मुदत लांबली की एक दिवस असा येतो, की गाडीची किंमत कमी आणि तिच्यावरचे देणे जास्त.

सुदैवाने यावर एक उपाय हाती आला आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा प्रत्येक नव्या कर्जाबरोबर ठळक बाबींचे एक विवरणपत्र, कर्जदारास समजेल अशा भाषेत, द्यावे लागते. त्यात सर्व आकार धरून वार्षिक खरा दर किती पडतो, ते नमूद असते. सही करण्यापूर्वी हा एक आकडा वाचावा आणि दोन-तीन ठिकाणचे हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

आता सावकाराने जशी आपली झडती घेतली तशी आपण गाडीची घ्यावयाची. प्रथम आर.सी. बुक पाहावे. विकणाराच मालक आहे काय? इंजिन व चासी यांचे क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी जुळतात काय? सातबाऱ्यावर जसा बोजा चढतो तसा गाडीवर कर्जाचा बोजा चढलेला असतो, त्याला आर.सी. वर ‘हायपोथिकेशन’ म्हणतात. कर्ज फिटले तरी ही नोंद आपोआप जातेच असे नाही. बँकेचे ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ देऊन ती काढून घ्यावी लागते, नाहीतर हत्ती गेला आणि शेपूट राहिले अशी गत होते. ‘वाहन’ या सरकारी संकेतस्थळावर क्रमांक घालून नोंदणी, विमा, बोजा आणि थकलेले दंड यांची पडताळणी घरबसल्या होते. घणसोलीच्या त्या तरुणाचे सात महिने पाच मिनिटांच्या या कामाने वाचले असते.

परराज्यातील गाडी स्वस्त मिळते म्हणून भुलू नये. दिल्लीच्या परिसरात जुन्या गाड्यांवर २०१५ पासून निर्बंधांचे आदेश निघत आले, आणि तिकडच्या गाड्या इतर राज्यांत येऊ लागल्या. अशी गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवावयाची तर मूळ कार्यालयाचे ना-हरकत पत्र आणून, महाराष्ट्राचा कर भरून नवा क्रमांक घ्यावा लागतो. हा खर्च व हेलपाटे किमतीत मिळविले की स्वस्ताई पुष्कळदा उरत नाही. वाशीचा एम.एच. ४३ किंवा पनवेलचा एम.एच. ४६ क्रमांक असलेली गाडी दहा-वीस हजारांनी महाग पडली तरी परवडते.

यंत्राची परीक्षा आपल्या विश्वासातील गॅरेजवाल्याकडून करावी, विकणाऱ्याने सुचविलेल्याकडून नव्हे. काही गोष्टी मात्र आपणही पाहू शकतो. खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत पत्रा सडतो. दारांच्या खालच्या कडा आणि चाकांवरच्या कमानी बोटाने चाचपाव्यात. पावसात बुडालेली गाडी बाहेरून चकचकीत करता येते, पण सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला तर आत गाळाची रेघ सापडते, आणि पायपोसाखालच्या गालिच्याला कुबट वास येतो. किलोमीटरचा काटा मागे फिरविता येतो. क्लचच्या पेडलवरचे झिजलेले रबर पुष्कळदा काट्याहून खरे बोलते.

सौदा ठरला, पैसे दिले, तरी खरेदी पूर्ण झाली असे समजू नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे, एकाच राज्यातील व्यवहार असल्यास विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतराची वर्दी द्यावयाची असते. त्यासाठीच फॉर्म २९ व ३०. हे केवळ उपचार नव्हेत. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका अपघाताचे प्रकरण आले होते. गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, नोंदवहीत मात्र पहिल्याच मालकाचे नाव होते. न्यायालयाने भरपाईसाठी नोंदीतला मालकच जबाबदार धरला. म्हणून आपण गावी परतताना गाडी विकू तेव्हाही हे ध्यानात असू द्यावे. विम्याचेही असेच आहे. दुसऱ्यास झालेल्या इजेचा विमा कायद्याने गाडीबरोबर येतो. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घेतला नाही, तर भरपाईच्या वेळी वाद उभा राहतो. व्यापाऱ्याकडून गाडी घ्यावयाची तर १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या नियमांनुसार त्याच्यापाशी परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र असावयास हवे. ते पाहावयास मागण्यात संकोच नसावा.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, एका मोटारीसाठी माणसाने इतके अविश्वासू व्हावे काय? आम्हांस ते अविश्वासाचे लक्षण वाटत नाही. विकणाऱ्याचे कागद तपासण्यात त्याचा अपमान नाही, आणि बँकेने आपले तपासले तेव्हा आपलाही झाला नव्हता. अनोळखी माणसांना एकमेकांशी सचोटीने वागता यावे यासाठीच हे कागद आहेत.

तरीपण कागदाला सर्व काही येत नाही. कोणता गॅरेजवाला प्रामाणिक आहे, कोणत्या दलालापासून जपावे, हे कोणत्याही नोंदवहीत लिहिलेले नसते. ते येथे जुने झालेल्यांना ठाऊक असते. आपल्या इमारतीत नवे बिऱ्हाड आले, की वाहन उभे करावयाच्या जागेवरून त्याच्याशी वाद घालण्याची आपल्याला घाई असते. त्याआधी एका रविवारी सकाळी त्याच्याबरोबर गाडी पाहावयास जावे. आपण आलो तेव्हा असे कोणी बरोबर आले असते तर किती बरे झाले असते, हे आपल्यापैकी प्रत्येकास आठवत असेल.