टाकीतलं पोवळं येतं कुठून?

संध्याकाळची भाकरी थापता थापता, गाईला वैरण टाकता टाकता आपण रेडिओ ऐकत असाल, तर आवाज जरा वाढवा. आजचा विषय आपल्या रानातला नाही, समुद्रातला आहे. पण तो आमच्यापुढे आला तो गटाच्या मासिक बैठकीत, कर्जाच्या अर्जातून.

झालं असं. आमच्या एका गटातल्या मावशींचा मुलगा शहरात शोभेच्या माशांच्या दुकानात कामाला आहे. त्याला आता स्वतःचं दुकान काढायचंय. मावशींनी गटाकडे कर्ज मागितलं आणि मुलानं लिहून दिलेली सामानाची यादी आणली. काचेच्या टाक्या, पंप, दिवे, मासे, माशांचं खाद्य. आणि शेवटची ओळ होती : ‘जिवंत कोरल, ४० नग’. पैसे सगळ्यात जास्त त्याच ओळीपुढे लिहिलेले.

एकीनं विचारलं, “हे कोरल म्हणजे काय? झाड, दगड की मासा?” मावशींना सांगता येईना, आम्हालाही येईना. गटाचा आमचा नियम साधा आहे. ज्या मालासाठी कर्ज द्यायचं, तो काय आहे आणि येतो कुठून, हे बैठकीला कळलं पाहिजे. म्हैस घेताना आपण तिचे दात बघतो, वेत विचारतो. मग याचंही विचारायलाच हवं. आम्ही आठ दिवस मागून घेतले. वनविभागाच्या कार्यालयात गेलो, मत्स्यशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंशी फोनवर बोललो, वाचनालयातली पुस्तकं काढली. त्यातून जे कळलं ते आज सांगतो.

पहिली गोष्ट, कोरल म्हणजे प्रवाळ, आपलं पोवळं. आपल्यापैकी कितीजणींच्या मंगळसूत्रात काळ्या मण्यांसोबत एखादं लाल पोवळं ओवलेलं असतं. ते खरं असेल तर ते बहुधा भूमध्य समुद्रातलं. तिथल्या अंधाऱ्या कपारींत वाढणाऱ्या लाल प्रवाळाचा तो सांगाडा घासून, गोल करून मणी बनतो. इटलीतल्या नेपल्सजवळचं टोरे देल ग्रेको हे गाव या कामासाठी शेकडो वर्षं प्रसिद्ध आहे. पण टाकीत ठेवतात ते प्रवाळ वेगळं. ते उथळ, उबदार समुद्रातलं असतं आणि जिवंत असतं.

जिवंत म्हणजे कसं? प्रवाळ हे झाड नाही आणि दगडही नाही, तो प्राणी आहे. एका प्राण्याला पॉलिप म्हणतात. एक छोटी पिशवी समजा. पिशवीला वर एकच तोंड आणि तोंडाभोवती बोटांसारख्या सोंडा. बहुतेक पॉलिप ज्वारीच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान, तर काही तळहाताएवढे मोठे असतात. हा जीव समुद्राच्या पाण्यातून चुन्याचा अंश घेतो आणि स्वतःखाली कठीण घर बांधतो. हजारो पॉलिप एकमेकांना चिकटून राहतात. जुने मरतात, त्यांच्या घरांवर नवे बांधत जातात आणि असं होत होत समुद्रात मैलोनमैल लांबीचे प्रवाळ खडक तयार होतात. पॉलिपच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं पॉलिपला देतं. प्रवाळाचे रंगही मोठ्या प्रमाणात या शेवाळामुळेच. पाणी फार तापलं की शेवाळ निघून जातं, प्रवाळ पांढरं पडतं आणि ताप उतरला नाही तर उपाशी मरतं.

आता मुख्य प्रश्न. दुकानातली ही प्रवाळं कुठून काढतात? सगळ्यात जास्त इंडोनेशियातून. इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपाईन्स, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटं आणि तिमोर-लेस्ते या सहा देशांच्या समुद्राला मिळून ‘प्रवाळ त्रिकोण’ म्हणतात. जगातल्या कठीण प्रवाळांच्या ज्ञात जातींपैकी जवळपास तीन चतुर्थांश जाती तिथे सापडतात. त्याशिवाय ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागरातली टोंगासारखी बेटं यांतूनही प्रवाळ बाहेर गेलं. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका, मग युरोप आणि जपानसारखे देश.

समुद्रातही प्रत्येक जातीची जागा ठरलेली असते. आपल्याकडे माळावरची भाजी वेगळी आणि ओढ्याकाठची वेगळी, तसंच. हरणाच्या शिंगांसारखं फांद्या फुटलेलं प्रवाळ खडकाच्या माथ्यावर, लख्ख उजेडात वाढतं. त्याच्या फांद्या तोडून घेतात. ‘बटण पॉलिप’ म्हणतात ते मऊ, शर्टाच्या गुंडीएवढे जीव ओहोटीला जेमतेम बुडालेल्या खडकांवर आणि दगडगोट्यांवर चादरीसारखे पसरतात. ते दगडासकट उचलावे लागतात. आणि लांब, फुगीर सोंडा पाण्यात डुलवणारी, मोठ्या पॉलिपची महागडी प्रवाळं बऱ्याचदा खडकावर नसतातच. ती आडोशाच्या गढूळ पाण्यात, वाळूत, चिखलात किंवा समुद्री गवताच्या कडेला मिळतात. काही तर तळावर सुटी पडलेली असतात. उचलायला ती सोपी, पण बरीचशी सावकाश वाढणारी. फांद्यांचं प्रवाळ वर्षाला वीतभरही वाढू शकतं, पण गोळ्यासारखी घट्ट प्रवाळं वर्षाला एखादा सेंटिमीटर, कधी त्याहून कमी. म्हणजे नारळाएवढा गोळा टाकीत दिसला, तर तो वाढायला दहा-पंधरा वर्षं सहज लागलेली असतात.

काढणारे कोण? आपल्यासारखीच माणसं. किनाऱ्यावरची मच्छीमार कुटुंबं. छोटी होडी, हातोडी, छिन्नी आणि पाण्याचे टब. उथळ पाण्यात श्वास रोखून बुडी मारतात. खोल जायचं असेल तर होडीवर हवेचा कॉम्प्रेसर असतो, आपल्याकडे पंक्चरच्या दुकानात असतो तसाच. त्याची प्लास्टिकची नळी तोंडात धरून माणूस खाली उतरतो. जास्त वेळ खाली राहून झटकन वर आलं तर रक्तात हवेचे बुडबुडे होतात. सांधे धरतात, पाय लुळे पडतात, जीवही जातो. अशा कामात कायमचं अपंगत्व आलेली माणसं त्या किनाऱ्यांवर आहेत.

काढलेलं प्रवाळ आधी गावातल्या व्यापाऱ्याकडे जातं, तिथून मोठ्या शहरातल्या निर्यातदाराच्या हौदात. मग एकेक नग समुद्राच्या पाण्याच्या पिशवीत बांधून विमानानं परदेशी. वाटेत काही मरतात. आणि साखळीत सगळ्यात कमी पैसे कोणाला मिळतात, हे तुम्हाला सांगायला नको. कांदा पिकवणाऱ्याला जे ठाऊक आहे तेच तिथल्या बुडी मारणाऱ्याला ठाऊक आहे.

मग हे कोणी थांबवत नाही का? नियम आहेत. दुर्मीळ प्राणी आणि वनस्पतींच्या व्यापाराबद्दल ‘सायटिस’ नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. भारत त्यात १९७६ पासून आहे. १९९० पासून सगळी कठीण प्रवाळं या कराराच्या दुसऱ्या यादीत आहेत. म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात न्यायची तर सरकारी परवाना लागतो. फिलिपाईन्सनं १९७७ साली कायदा केला आणि पुढे प्रवाळाच्या निर्यातीवर बंदीच आणली. इंडोनेशिया कुठल्या जातीचे किती नग काढायचे याचा दरवर्षी कोटा ठरवतं. २०१८ साली तर त्यांनी निर्यातच थांबवली आणि २०२० साली पुन्हा सुरू केली. त्या मधल्या काळात समुद्र जरा विसावला असेल, पण ज्यांची चूल त्यावर होती ती घरं अडचणीत आली. बंदीची ही दुसरी बाजू आपण विसरू नये.

खरं सांगायचं तर टाकीसाठी होणारी काढणी हे प्रवाळावरचं सगळ्यात मोठं संकट नाही. तापलेलं पाणी, सुरुंग लावून केलेली मासेमारी, नद्यांतून येणारी माती आणि घाण यांनी जास्त नुकसान होतं. सॉलोमन बेटांवर तर पानसुपारीच्या चुन्यासाठीसुद्धा प्रवाळ भाजतात. पण आधीच आजारी असलेल्या माणसाचं रक्त काढावं, तशी ही बेसुमार काढणी होते.

यावर एक चांगला मार्गही निघाला आहे. इंडोनेशियात आणि सॉलोमन बेटांवर काही ठिकाणी प्रवाळाची शेती होते. मोठ्या प्रवाळाचा बोटभर तुकडा सिमेंटच्या छोट्या चकतीवर बसवतात आणि चकत्या उथळ समुद्रात मांडवावर ठेवतात. उसाचं बेणं लावावं तसं. तुकडा वाढला की विकतात आणि त्याचाच तुकडा पुन्हा लावतात. मूळ खडकाला वारंवार हात लावावा लागत नाही.

आता आपल्या देशाकडे येऊ. भारतातही प्रवाळ आहे : लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, तमिळनाडूजवळचं मन्नारचं आखात, गुजरातेतलं कच्छचं आखात. आणि आपल्या महाराष्ट्रातही आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे. तिथे १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक म्हणून बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. तिथेही प्रवाळ आहे.

पण यातलं काहीही काढायची परवानगी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळ घातलं गेलं. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. समुद्रातून प्रवाळ काढणं, विकणं, बाळगणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैदेची. मेलेलं, वाळलेलं प्रवाळही यातून सुटत नाही. परदेशातून आणलेलं असेल तर सायटिसचे आणि आयातीचे कागद हवेत.

हे ऐकल्यावर आम्हाला आमची मालवणची सहल आठवली. किनाऱ्यावर आमच्यातल्या एकीनं पांढरा, फांदीसारखा दगड उचलून पिशवीत टाकला होता, देव्हाऱ्यात ठेवायला. होडीवाले दादा म्हणाले, “वहिनी, तो हयसरच ठेवा.” तेव्हा आम्हाला वाटलं, दगडासाठी काय एवढं! आता कळलं.

पुढच्या बैठकीत आम्ही मावशींच्या मुलाला बोलावलं. एकच प्रश्न विचारला, “हे ४० नग कुठून येणार आणि त्यांचे कागद कुठे आहेत?” तो म्हणाला, “एकजण आणून देतो, कागद कोणी विचारत नाही.” बैठक गप्प झाली. मावशी स्वतःच बोलल्या. म्हणाल्या, “बाळा, कर्ज माझ्या नावावर आहे आणि जामीन या सगळ्या बाया आहेत. दुकानावर धाड पडली तर हप्ता कोण भरणार?”

मुलगा रागावला. सगळा नफा त्याच ओळीत आहे, म्हणाला. ते खोटंही नव्हतं. आम्ही बराच वेळ बोललो. शेवटी ती ओळ काढून उरलेल्या यादीला कर्ज मंजूर केलं. गोड्या पाण्यातले गप्पी, मॉली असे घरच्या हौदातही वाढणारे मासे तो ठेवणार आहे. पिल्लं वाढवायचं काम मावशी इथे गावात करतील, म्हणजे थोडी कमाई घरातही राहील. नफा कमी होईल. परतफेडीची मुदत म्हणून आम्ही सहा महिने वाढवून दिली.

समुद्राकाठच्या बायकांनीही असे मार्ग काढले आहेत. लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटावरच्या महिला शोभेची कोळंबी आणि क्लाऊन मासे टाकीत वाढवून विकायला शिकल्या. त्यांना राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं प्रशिक्षण दिलं. वेंगुर्ल्यात बचत गटाच्या महिला पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. तिथलं झाड तोडून नाही, उभं ठेवून त्या कमावतात.

जाता जाता एक सावधगिरीची सूचना. तुमच्या मुलीसुना शहरात कोणाकडे घरकामाला जात असतील आणि तिथे समुद्री टाकी असेल, तर त्यातला दगड उघड्या हातानं घासू नका आणि उकळत्या पाण्यात तर मुळीच टाकू नका. काही बटण पॉलिपमध्ये अतिशय जहाल विष असतं. त्याच्या वाफेनं घरंच्या घरं आजारी पडल्याची उदाहरणं आहेत. हे काम टाकीच्या मालकानंच जाणकाराकडून करून घ्यायचं.

आणि गटाच्या अध्यक्ष, सचिव ताईंनो, कर्जाच्या अर्जावर आपण रक्कम, कारण, हप्ता एवढं लिहितो. आम्ही आता एक रकाना वाढवला आहे : ‘माल कुठून येणार?’ बियाणं असो, शेळी असो की शोभेचा मासा. तुमच्या पुढच्या बैठकीत तुम्हीही हा प्रश्न विचारून बघा आणि काय उत्तरं आली ते आम्हाला केंद्रावर कळवा. भेटू पुढच्या मंगळवारी, याच वेळेला. नमस्कार.