निर्वात आणि वाळवण : प्रशीतन-यंत्रणेतील व्हॅक्यूम पंपाचा उपयोग व निगा

एखाद्या कामाला जे नाव पडते, त्यावरून ते काम कोठे पुरे झाले असे समजावयाचे हेही पुष्कळदा ठरून जाते. वातानुकूलन-यंत्रे व शीतपेट्या दुरुस्त करणाऱ्या कारागिरांच्या व्यवसायात ह्याचे एक बोधप्रद उदाहरण आढळते. यंत्रणेत प्रशीतक वायू भरण्यापूर्वी तिच्या नळ्या पंपाने रिकाम्या कराव्या लागतात. ह्या क्रियेला ग्रंथांतून ‘निर्वातीकरण’ म्हणतात. ठाणे, कल्याण व डोंबिवली ह्या पट्ट्यातील कारागिरांच्या तोंडी ती ‘व्हॅक्यूम करणे’ किंवा ‘व्हॅक्यूम मारणे’ अशी ऐकू येते. पहिले नाव हवेविषयी बोलते, दुसरे रिकामेपणाविषयी. परंतु ज्याच्यासाठी हा खटाटोप मुख्यत्वे करावयाचा, त्या पाण्याविषयी दोन्ही नावे काहीच सांगत नाहीत.

‘मारणे’ ह्या क्रियापदाचा हा उपयोग मराठीला नवा नाही. झाडू मारणे, रंग मारणे, सायकलीत हवा मारणे ह्या सर्व प्रयोगांत काम झटपट उरकण्याची छटा आहे. विशेष असे की, ‘हवा मारणे’ म्हणजे हवा भरणे आणि ‘व्हॅक्यूम मारणे’ म्हणजे हवा काढणे. दिशा उलट, पण घाई तीच. पंप जोडला, दाबमापकाचा काटा ३० इंचांच्या खुणेजवळ गेला, की काम झाले असा समज ह्या नावाशी सहज जुळतो. तो समज का अपुरा आहे, हे पाहण्यासाठी पाण्याच्या उकळण्याचा विचार केला पाहिजे.

वातावरणाचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीइतका असतो आणि त्या दाबाखाली पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. दाब कमी केला की उत्कलनबिंदू खाली येतो. ३० अंश तापमानाला पाणी उकळावयाचे तर दाब सुमारे ३२ मिलिमीटरपर्यंत उतरावा लागतो, २५ अंशांना सुमारे २४ मिलिमीटरपर्यंत. नेहमीच्या दाबमापकावर काटा २९ इंच दाखवितो, तेव्हा आत सुमारे २३ मिलिमीटर दाब शिल्लक असतो. म्हणजे काटा जेथे थांबल्यासारखा भासतो, तेथे पाणी नुकते कोठे उकळू लागलेले असते. हवा बहुतेक गेलेली असते. वाळविण्याची क्रिया आता सुरू व्हावयाची असते. ह्यापुढचा सारा प्रवास काट्याच्या शेवटच्या एका इंचात सामावलेला आहे. तो मोजण्यासाठी मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणजे मायक्रॉन, दाखविणारे वेगळे मापक लागते. एका इंचात २५,४०० मायक्रॉन असतात, आणि यंत्रणा कोरडी समजण्यासाठी सामान्यतः ५०० मायक्रॉन किंवा त्याहून कमी दाब गाठावा, असा दंडक आहे.

हा प्रश्न ह्या प्रदेशात विशेष महत्त्वाचा आहे. एका बाजूला ठाण्याची खाडी आणि दुसऱ्या बाजूला उल्हास नदीचे मुख ह्यांच्यामध्ये व काठाने ही शहरे वसली आहेत. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाण्याची वागळे औद्योगिक वसाहत त्याच्या अगदी आरंभीच्या वसाहतींपैकी एक ठरली. आज कारखान्यांबरोबरच दुकाने, रुग्णालये व उंच इमारतींतील घरे ह्यांतही शीतन-यंत्रे आहेत. पावसाळ्यात येथील हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास राहतो. अशा हवेच्या प्रत्येक घनमीटरात वीस ग्रॅमांहून अधिक बाष्प असते. तांब्याची नळी तोंड उघडे ठेवून रात्रभर गच्चीवर पडली, तर तिच्यात केवळ हवाच नव्हे, तर पाणीही शिरते.

आत राहिलेली हवा प्रशीतकाप्रमाणे द्रवरूप होत नाही. ती संघनकात जागा अडविते, दाब वाढविते व विजेचा खर्चही वाढविते. पाण्याचा उपद्रव याहून खोल आहे. शीतपेटीत ते केशनलिकेच्या तोंडाशी गोठून प्रवाह अडविते. वातानुकूलकात ते तेलाला लागते. पूर्वी आर-२२ सारख्या प्रशीतकांबरोबर खनिज तेल वापरीत. त्याला पाण्याची ओढ फारशी नसे. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोनच्या थरास अपाय करणारी प्रशीतके टप्प्याटप्प्याने मागे पडू लागली, आणि १९९२ मध्ये भारतही त्या करारात सामील झाला. त्यानंतर आलेल्या आर-१३४ए, आर-४१०ए इत्यादी प्रशीतकांबरोबर बहुधा पॉलिओल एस्टर जातीचे तेल असते. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्या ओलाव्याशी संयोग पावून आम्ल निर्माण करते. आम्लाने काँप्रेसरच्या मोटारीचे वेष्टन खराब होते व अखेर काँप्रेसर जळतो. ग्राहकाला कळते ते एवढेच की, गेल्या वर्षी ‘गॅस भरला’ आणि यंदा यंत्र बंद पडले.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. प्रथम कोरड्या नायट्रोजनने दाब-परीक्षा करून गळती नाही ह्याची खात्री करावी. ह्या कामी ऑक्सिजन कदापि वापरू नये. दाबाखालील ऑक्सिजन व तेल ह्यांचा संयोग स्फोटक असतो. नंतर नायट्रोजन सोडून पंप जोडावा. जोडनळी आखूड व रुंद असावी. वायू दाट असतो तोवर नळीचा अंतर्व्यास दुप्पट केल्यास प्रवाह सोळापट होतो. म्हणून पंप मोठा घेण्यापेक्षा नळी रुंद घेणे अधिक फायद्याचे. व्हॉल्व्हमधील खीळ, जिला कारागीर ‘पिन’ म्हणतात, ती योग्य साधनाने काढून ठेवल्यास मार्ग आणखी मोकळा होतो. मायक्रॉनमापक पंपाशी न लावता यंत्रणेच्या दूरच्या टोकाशी लावावे. पंपाजवळचा दाब नेहमीच अधिक आशादायक दिसतो.

५०० मायक्रॉनांखाली दाब उतरल्यावर मधली झडप मिटून पंप वेगळा करावा आणि दहा-पंधरा मिनिटे केवळ पाहत राहावे. ह्या पाहण्यातच खरी परीक्षा आहे. दाब जवळजवळ स्थिर राहिला, तर यंत्रणा कोरडी व घट्ट आहे. तो काही अंतर चढून एका पातळीवर थांबला, तर आत अजून पाणी असून ते वाफ होत आहे. तो न थांबता चढतच राहिला, तर कोठे तरी गळती आहे. पाणी असल्यास थोडा कोरडा नायट्रोजन आत सोडून पुन्हा पंप चालवावा. दाब फार वेगाने उतरविल्यास साचलेले पाणी स्वतःची उष्णता गमावून गोठते व बर्फ सावकाश वाफ होतो. नायट्रोजन त्याला उष्णता पुरवितो आणि बाष्प वाहूनही नेतो.

पंपाची निगा हीदेखील पाण्याचीच गोष्ट आहे. हे पंप बहुधा दोन टप्प्यांचे, फिरत्या पात्यांचे असतात व तेलात चालतात. यंत्रणेतून ओढलेले बाष्प पंपात दाबले जाताना पुन्हा पाणी होते आणि तेलात मिसळते. ह्यावर जर्मन शास्त्रज्ञ वोल्फगांग गेडे ह्यांनी १९३५ मध्ये ‘गॅस बॅलास्ट’ ही युक्ती शोधली : दाबण्याच्या वेळी थोडी बाहेरची हवा आत घेतली, की बाष्पाचे पाणी होण्यापूर्वीच निकासाची झडप उघडते. म्हणून आरंभी बॅलास्टची झडप उघडी ठेवावी आणि दाब बराच उतरल्यावर ती मिटावी. ऐन पावसाळ्यात आत घेतलेली हवाच दमट असल्याने हा उपाय कमी पडतो, आणि तेल अधिक वेळा बदलावे लागते.

तेल दुधाळ दिसू लागले की त्यात पाणी आहे. असे तेल स्वतःच वाफ सोडीत राहते, त्यामुळे पंप कितीही वेळ चालविला तरी खोल दाब मिळत नाही. पंप गरम असतानाच ते काढून टाकावे व पंपासाठीचेच तेल काचेच्या खुणेपर्यंत भरावे. काँप्रेसरचे तेल चालत नाही. मापक थेट पंपाला लावले असता चांगला पंप १०० मायक्रॉनांच्या पुष्कळ खाली उतरतो. ही परीक्षा अधूनमधून घ्यावी. पंप बंद करण्यापूर्वी झडप मिटावी, अन्यथा तेल उलट यंत्रणेत ओढले जाते. काम संपल्यावर तोंडांना टोपणे लावावीत. यंत्रणेतील प्रशीतक काढण्यासाठी हा पंप वापरू नये. त्यासाठी वेगळे यंत्र असते. तसेच यंत्रणेचाच काँप्रेसर पंप म्हणून चालवू नये. खोल निर्वातात त्याच्या मोटारीत ठिणगी पडण्याचा संभव असतो. आर-३२, आर-२९० व आर-६००ए ही प्रशीतके कमीअधिक प्रमाणात ज्वालाग्राही असल्याने तेथे जागा हवेशीर असणे व विजेचे बटण दूर असणे हा जिवाचा प्रश्न आहे.

आता पुन्हा शब्दांकडे. ह्या क्रियेचे यथार्थ वर्णन करणारे शब्द मराठीत घरोघर आहेत. उन्हाळ्यात पापड-कुरडयांचे वाळवण घालणारी गृहिणी घड्याळ पाहून ते उचलीत नाही. पापड खडखडीत झाला का, हे पाहते. वाळलेला पापड डब्याचे झाकण उघडे राहिल्यास सादळतो. एस्टर तेलाचा डबा उघडा ठेवला तर नेमके हेच घडते, तेल सादळते. ‘आर्द्रताशोषक’ हा शब्द विद्यार्थ्याला पाठ करावा लागतो, ‘सादळणे’ मात्र त्याला अनुभवाने ठाऊक असते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत प्रशीतनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला हा फरक लहान नाही. परिभाषेतील ‘निर्वात’ शास्त्राला हवा आणि कारागिरांचा ‘व्हॅक्यूम’ बाजारात राहणारच. त्यांना हटविण्याचे प्रयोजन नाही. मात्र शिकविताना पंपाचे काम ‘यंत्रणा वाळविणे’ असे सांगितले, तर ते किती मिनिटे चालवावयाचे हा प्रश्न मागे पडून, आत ओल उरली आहे का, हा योग्य प्रश्न विद्यार्थी आपण होऊन विचारू लागेल.