एक ट्रॅक्टर, दोन कामे: घेण्यापूर्वी हिशेब मांडा

जळगाव-धुळ्यात धान्याचा व्यापार, ट्रॉली बांधणी किंवा ट्रॅक्टर दुरुस्ती करणारे आपले काही बांधव आता स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन फवारणी व धान्यवाहतूक करू पाहतात. आमच्या मते या दोन कामांच्या गरजा परस्परविरुद्ध आहेत.

फवारणीचा पंप पीटीओच्या 540 फेऱ्यांवर चालतो. त्याला ताकद थोडी पुरते, पण ट्रॅक्टर अरुंद हवा. नाहीतर कपाशीच्या फांद्या मोडतात. भरल्या ट्रॉलीला मात्र ट्रॅक्टरचे वजन आणि ब्रेक लागतात. हलका ट्रॅक्टर सपाटीवर ट्रॉली ओढेल. उतारावर तीच ट्रॉली त्याला मागून ढकलेल. दोंडाईचा किंवा अमळनेरच्या बाजारात माल नेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

म्हणून वर्षात कोणत्या कामाचे दिवस जास्त, ते वहीत मांडा. वाहतूक जास्त असेल तर 40 ते 50 अश्वशक्तीचा जड ट्रॅक्टर घ्या. फवारणी जास्त असेल तर 20 ते 25 अश्वशक्तीचा अरुंद घ्या आणि ट्रॉलीही लहानच ठेवा.

22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आहे. तरीही रक्कम मोठीच. व्याज टाळायचे असेल तर दोघा-तिघांनी भागीदारी करावी. भांडवल, डिझेल, दुरुस्ती आणि नफा-तोटा लेखी ठरवावा.

शेवटची गोष्ट नोंदणीची. शेतीसाठी नोंदलेल्या ट्रॅक्टरने भाड्याचा माल वाहिला, तर अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते. ट्रॉलीचीही कागदपत्रे पूर्ण करा. कमाई हलाल हवी, तसा व्यवहारही चोख हवा.