इन्स्टॉल झालं, पण सुरूच होईना!

रात्रीचे अकरा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून तुम्ही जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलंय. रीस्टार्ट करता, तर काळ्या स्क्रीनवर एकच ओळ: ‘नो बूटेबल डिव्हाइस’. परवा प्रोजेक्ट सबमिशन!

आगरदांड्याला घरी माझं अगदी हेच झालं. दुकान गाठायचं तर सकाळी मुरूडला जावं लागणार. घाबरून मी पुन्हा इन्स्टॉल केलं आणि अख्खी डिस्क पुसली. वेगळ्या पार्टिशनमधले कॉलेजचे सगळे फोटो गेले. रीस्टार्ट केलं, तर पुन्हा तीच ओळ!

गंमत म्हणजे बिघाड मिंटमध्ये नव्हताच. लॅपटॉप चालू होताना आधी मदरबोर्डवरचं छोटं सॉफ्टवेअर जागं होतं. पूर्वीचं बायोस, आताचं यूईएफआय. ते बूटलोडर शोधतं, आणि बूटलोडर सिस्टिम सुरू करतो. माझं मिंट यूईएफआय पद्धतीनं बसलं होतं, लॅपटॉप मात्र जुन्या ‘लेगसी’ मोडवर होता. कार घेऊन दिघीला जायचंय आणि तुम्ही राजपुरीच्या धक्क्यावर उभे, तसंच. बोट ठीक आहे हो, धक्का चुकलाय!

तेव्हा फॉरमॅट करण्याआधी एवढं बघाच:

१. पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट करा.

२. चालू होताना एफ२, एफ१२, एस्केप किंवा डिलीट दाबा (कंपनीनुसार की बदलते). बूटच्या यादीत मिंट बऱ्याचदा ‘उबंटू’ नावानं दिसतं. ते निवडा. यादीत डिस्कच नसेल, तर मात्र दुकान गाठा.

३. सिस्टिम ज्या मोडमध्ये बसवली, त्याच मोडवर लॅपटॉप ठेवा.

४. सिक्युअर बूट आडवं येत असेल तर ते बंद करता येतं. पण शेजारी विंडोज असेल तर आधी बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवा, नाहीतर स्वतःच्याच फाइल्सना मुकाल.

५. तरीही अडलं, तर पेनड्राइव्हवरूनच मिंट सुरू करा. आधी फाइल्स दुसरीकडे कॉपी करा, मग त्यातलंच ‘बूट रिपेअर’ चालवा.

मी शेवटी मोड बदलला. दोन मिनिटांत मिंट सुरू झालं, प्रोजेक्टही वेळेत गेला. फोटो मात्र परत आले नाहीत. तुम्ही आधी बॅकअप घ्या, आणि काळी स्क्रीन दिसली की आधी धक्का तपासा.