घरातील बिनतारी पेटी आणि वडीलधाऱ्यांचा फोन



आपल्या बेटावरील घरांतून आजकाल एक प्रश्न वारंवार कानी पडतो. पाहुणा येतो, पाणी पितो, खुशाली विचारतो आणि मग हळूच म्हणतो, "वायफायचा कोड काय?" यजमान लगेच उत्तर देत नाहीत. ते आत पाहून हाक मारतात, आणि घरातील सर्वांत धाकटे मूल बाहेर येऊन पाहुण्याचा फोन हातात घेते. अर्ध्या मिनिटात काम होते. मुलाने काय केले हे मात्र कोणीच पाहिलेले नसते.

मूल घरात आहे तोवर हे ठीक चालते. पण आपली मुले पुढे शिकायला फ्रान्सला, इंग्लंडला, कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला जातात. मागे राहतात आई-वडील आणि आजी-आजोबा, व कोपऱ्यात दिवे लुकलुकवणारी ती पेटी, म्हणजे राउटर. मुलांचा चेहरा रोज दाखवणारी वाट त्या पेटीतूनच जाते. ती वाट बंद पडली, तर उघडणारा हात परदेशात असतो. म्हणून फोन घरच्या वायफायला जोडणे ही गोष्ट प्रत्येक घरातील निदान एका वडीलधाऱ्या माणसाला स्वतःच्या हाताने करता आली पाहिजे, असे मला वाटते. हे काम कठीण नाही. ज्याला टपालाच्या पाकिटावर पत्ता लिहिता येतो, त्याला हेही जमेल.

दोन वाटा

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फोनपासून जगापर्यंत एक वाट नसून दोन आहेत. पहिली फोनपासून पेटीपर्यंतची. ती हवेतून जाते, रेडिओच्या लहरींवर, आणि तिची लांबी घराएवढीच असते. दुसरी पेटीपासून पुढची. ती केसासारख्या बारीक काचेच्या तंतूतून, म्हणजे फायबरमधून, कंपनीच्या केंद्राकडे जाते आणि तेथून समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारांतून परदेशी पोहोचते. आपल्या दक्षिण किनाऱ्यावर बे द्यु जाकोते येथे 'सेफ' नावाची अशी एक तार २००२ सालापासून किनाऱ्याला लागलेली आहे. तिचे एक टोक दक्षिण आफ्रिकेकडे जाते, तर दुसरी दिशा भारतातील कोचीवरून मलेशियाकडे. आपले पूर्वज मुंबईच्या बंदरातून जहाजाने ज्या हिंदी महासागरातून आले, त्याच्याच तळातून आज आपले बोलणे जाते.

वायफाय म्हणजे या दोहोंपैकी फक्त पहिली वाट. फोन पेटीला उत्तम जोडलेला असूनही इंटरनेट बंद असू शकते, कारण दोष दुसऱ्या वाटेत असतो. हा भेद कळला की निम्मी धावपळ वाचते.

हवेतून अशा रीतीने संगणक जोडण्याचा पहिला मोठा प्रयोगही एका बेटावरच झाला, हे वाचून आपणांस कौतुक वाटेल. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली रेडिओ लहरींवरून संगणकाशी संपर्क साधणारे जाळे सुरू केले, कारण बेटाबेटांत विखुरलेल्या ठिकाणांना तारेने जोडणे अवघड होते. पुढे १९९७ साली बिनतारी जाळ्यांचे पहिले प्रमाण ठरले आणि १९९९ साली त्याला 'वाय-फाय' हे नाव मिळाले.

जोडणी कशी करावी

पेटीला वीज द्यावी आणि दोन-तीन मिनिटे थांबावे. दिवे स्थिर होईपर्यंत तिला घाई करू नये.

मग पेटी उलटी करून पाहावी. तळाशी किंवा मागे एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर दोन गोष्टी छापलेल्या असतात : वायफायचे नाव आणि त्याचा पासवर्ड, ज्याला आपण घरी 'मो द पास' किंवा नुसते 'कोड' म्हणतो. या दोन्ही गोष्टी एका वहीत मोठ्या अक्षरांत उतरवून घ्याव्यात. येथेच बहुतेकांची चूक होते. इंग्रजी मोठी आणि लहान लिपी वेगळी धरली जाते. शून्य आणि 'ओ' सारखे दिसतात. एकचा आकडा, लहान 'एल' आणि मोठा 'आय' तर जुळ्या भावंडांसारखे. शंका असेल तेथे अक्षराखाली 'आकडा' किंवा 'अक्षर' असे लिहून ठेवावे.

आता फोन घ्यावा. दातेरी चाकाचे चित्र असते ते 'सेटिंग्ज'. फोन फ्रेंचमध्ये असेल तर तेथे 'पारामेत्र' लिहिलेले असेल. ते उघडून 'वाय-फाय' शोधावे आणि त्याची कळ चालू करावी. थोड्याच वेळात नावांची यादी दिसते. त्यांत शेजाऱ्यांचीही नावे असतात, त्यामुळे गोंधळून जाऊ नये. वहीतील आपले नाव शोधून त्यावर बोट ठेवावे. पासवर्ड मागितला जाईल. तो लिहिताना बऱ्याच फोनांवर बाजूला डोळ्याचे चित्र दिसते, त्यावर बोट ठेवले की लिहिलेली अक्षरे उघडी दिसतात. ती वहीशी ताडून मगच 'जोडा' म्हणावे. वरच्या पट्टीत पंख्यासारखी खूण आली की झाले.

फोन ही चावी लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी घरी आल्यावर तो आपोआप जोडला जातो.

काही पेट्यांची यादीत दोन नावे दिसतात, आणि एकाच्या शेवटी '५जी' असते. मोबाईल कंपनी ज्या ५जीची जाहिरात करते त्याच्याशी याचा संबंध नाही. येथे ते ५ गिगाहर्ट्झ या लहरींचे नाव आहे. या लहरी वेगवान असतात, पण भिंतींपुढे लवकर थकतात. दुसऱ्या, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी सावकाश चालतात, पण अधिक दूर पोहोचतात. पेटीच्या खोलीत बसणाऱ्याने पहिले नाव घ्यावे, मागच्या खोलीत बसणाऱ्याने दुसरे.

१९६० साली आलिक्स आणि कॅरोल ही चक्रीवादळे येऊन गेली, आणि त्यानंतर आपल्याकडे काँक्रीटची घरे वाढली. ज्या भिंती आणि स्लॅब आपल्याला वाऱ्यापासून वाचवतात, त्यांतील सळया आणि सिमेंट वायफायच्या लहरींनाही अडवतात. म्हणून पेटी टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटात किंवा जमिनीवर ठेवू नये. घराच्या मध्याजवळ, छातीएवढ्या उंचीवर, मोकळ्या जागी ठेवावी. तेवढ्याने पुष्कळ घरांतील तक्रार मिटते.

जोडले जात नाही तेव्हा

अशा वेळी स्वतःला क्रमाने तीन प्रश्न विचारावेत.

पहिला : यादीत माझे नाव दिसते का? दिसत नसेल, तर पेटीला वीज नाही, किंवा आपण फार दूर आहोत, किंवा फोनचे वायफाय बंद आहे. विमानाचे चित्र चुकून दाबले गेले असल्यास तेही पाहावे.

दुसरा : नाव दिसते, पण पासवर्ड नाकारला जातो का? मग वहीतील अक्षरे पुन्हा ताडावीत. तरीही जमत नसेल तर त्या नावावर जाऊन 'विसरा' निवडावे, म्हणजे फोन जुनी चावी टाकून देतो, आणि पुन्हा पहिल्यापासून जोडावे.

तिसरा : जोडले असे दिसते, पण काहीच उघडत नाही का? मग दोष दुसऱ्या वाटेत आहे. पेटीची वीज बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करावी. तरी सुरू झाले नाही तर कंपनीला कळवावे. फोनशी झटापट करून उपयोग नाही.

वादळाच्या दिवसांत हे विशेष लक्षात ठेवावे. काचेच्या तंतूला वीज लागत नाही, पण घरातील पेटीला लागते. वीज गेली की वायफाय गेले. तेव्हा फोन मोबाईलच्या जाळ्यावर जातो आणि पॅकेज भराभर संपते. पेटीसाठी एखादी लहान बॅटरी घेऊन ठेवली तर काही तास निभावून जाते. ज्यांचे पॅकेज लहान आहे त्यांनी 'मोबाईल डेटा' ही कळ कोठे आहे तेही पाहून ठेवावे.

एक उदाहरण सांगतो. आमच्या भागातील एका आजींची जुनी पेटी बिघडली आणि नवी बसवली गेली. बसवणारा माणूस घाईत होता. त्याने दिवे लागलेले पाहिले आणि तो गेला. आजींचा फोन मात्र जुन्याच नावाला शोधत राहिला. नात परदेशी शिकते. तिला अकरा दिवस आजी दिसली नाही, आणि तिने काळजीने शेजाऱ्यांना फोन केला. आजींना वाटत होते की नात कामात आहे, म्हणून फोन करीत नाही. दोघींच्या मधे केवळ एक नाव आणि एक पासवर्ड एवढेच उभे होते. तेव्हा नवी पेटी आली की एक तर नवी नावे वहीत लिहावीत, किंवा बसवणाऱ्याकडूनच नव्या पेटीला जुने नाव आणि जुना पासवर्ड द्यायला सांगावे. मग बहुतेक वेळा घरातील सगळे फोन पुन्हा आपोआप जोडले जातात.

चावी कोणाच्या हाती?

वायफायचा पासवर्ड ही घराची चावीच होय. तो भिंतीवर रस्त्याकडून दिसेल असा लावू नये. आडनाव, जन्मतारीख, घराचा क्रमांक असे पासवर्ड शेजाऱ्यालाही सुचतात. पासवर्ड किमान ८ अक्षरांचा असावा लागतो, पण लांब असेल तितका बरा. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी लिपीत लिहिले, उदाहरणार्थ खोबरे, खिडकी, बैलगाडी, पाऊस, तर लक्षात राहतात आणि ओळखायला अवघड जातात. अर्थात येथे छापलेले शब्द कोणी वापरू नयेत!

पेटीला आणखी एक पासवर्ड असतो, तिच्या आतील व्यवस्था बदलण्याचा. तो पाहुण्यांना कधीच देऊ नये आणि कारखान्यातून आला तसा ठेवू नये. व्यवस्थेत सुरक्षेचा प्रकार विचारला तर 'डब्ल्यूपीए२' किंवा '३' निवडावा. 'डब्ल्यूईपी' हा जुना प्रकार २००१ सालापासूनच कच्चा ठरलेला आहे. आणि कोणी फोनवरून कंपनीचे नाव सांगून पासवर्ड मागू लागला, तर फोन ठेवून द्यावा.

गणेश चतुर्थीला आपली घरे नातेवाईकांनी भरतात आणि प्रत्येक जण कोड मागतो. बऱ्याच पेट्यांवर पाहुण्यांसाठी वेगळे जाळे उघडता येते. ते उघडावे, त्याला सोपा पासवर्ड द्यावा आणि विसर्जनानंतर बंद करावे. पाहुण्यांचा मानही राहतो आणि घरची चावी घरात राहते.

शिकवावे कसे

आता तरुण वाचकांना दोन शब्द. आजी-आजोबांनी विचारले की आपण त्यांच्या हातातून फोन काढून घेतो, भरभर बोटे फिरवतो आणि 'घ्या, झाले' म्हणून परत देतो. यात मदत होते, पण शिकवणे होत नाही. वर्गात शिक्षकाने विद्यार्थ्याची वही घेऊन गणित स्वतःच सोडवले, तर मुलाला काय येणार? फोन त्यांच्याच हातात राहू द्यावा. बोट त्यांचेच असावे, आपण फक्त सांगावे. एकदा जोडून झाले की 'विसरा' दाबून पुन्हा पहिल्यापासून करायला लावावे, असे तीन वेळा. चुकले तर हसू नये. पायऱ्या त्यांनी त्यांच्या हाताने, त्यांच्या शब्दांत वहीत लिहाव्यात. अँड्रॉइड फोनची भाषा मराठी करता येते. देवनागरी सहज वाचणाऱ्या आजींना ती करून दिली, तर पडद्यावरील शब्द परके वाटणार नाहीत, आणि शाळेत मराठी शिकणाऱ्या नातवाचेही वाचन होईल.

या रविवारी जेवण झाल्यावर एक तास काढावा. पेटी उलटी करावी, वही उघडावी आणि घरातील सर्वांत वडील माणसाच्या हाती फोन द्यावा. मुले परदेशी जाण्याआधी बॅगा भरतो, कागदपत्रे तपासतो, देवापुढे नारळ ठेवतो. त्या तयारीत हा एक तासही धरावा.