आधी गोल, मग गप्पा!

दोस्तांनो, जरा डोळे मिटा आणि एक चित्र डोळ्यांसमोर आणा. साल १९८६. इंग्लंडमधलं एक साधंसुधं घर. शनिवारची दुपार. टीव्ही सुरू आहे. पडद्यावर दोन माणसं शेजारी शेजारी बसून फुटबॉलच्या गप्पा मारताहेत. त्यांतला एक जण जाड मिश्यांचा. चेहरा अगदी गंभीर ठेवून तो असं काही बोलतो, की शेजारचा पोट धरून हसायला लागतो. टीव्हीसमोर बसलेला मुलगाही हसतो आणि म्हणतो, “बाबा, हे मिशीवाले काका कसले भारी बोलतात!”

बाबा म्हणतात, “बोलण्याचं काय घेऊन बसलास? अरे, त्याला खेळताना बघायला हवं होतंस!”

त्या काळी इंग्लंडमधल्या किती घरांत हा संवाद झाला असेल, कोण जाणे! त्या मिशीवाल्या काकांचं नाव जिमी ग्रीव्ज. लाडाचं नाव ग्रीव्जी. आपल्याकडे नाही का, सुनील गावसकरांचं समालोचन ऐकत कितीतरी मुलं मोठी झाली. पण त्यांची फलंदाजी पाहिली ती त्यांच्या आई-बाबांनी. ग्रीव्जचंही तसंच. एका पिढीने त्याचे गोल पाहिले, दुसऱ्या पिढीने त्याच्या गप्पा ऐकल्या. आणि या दोन्हींच्या मधे काही वर्षं अशी गेली, की ग्रीव्ज संपला असंच सगळ्यांना वाटलं होतं. ही गोष्ट त्या तिन्ही काळांची.

पहिल्याच सामन्यात गोल!

२० फेब्रुवारी १९४० रोजी पूर्व लंडनमधल्या मॅनर पार्क भागात जिमीचा जन्म झाला. दुसरं महायुद्ध नुकतंच पेटलं होतं. वडील लंडनच्या भुयारी रेल्वेत नोकरीला. घरची परिस्थिती बेताची. पण चेंडू पायाशी आला, की या पोराला दुसरं काही सुचत नसे. पंधराव्या वर्षी चेल्सी या क्लबने त्याला आपल्याकडे घेतलं.

२४ ऑगस्ट १९५७. सतरा वर्षांचा जिमी चेल्सीकडून मोठ्यांच्या लीगमधला पहिला सामना खेळायला उतरला. समोर होता टॉटनहॅम हॉटस्पर, आणि मैदानही त्यांचंच. सामना १-१ असा बरोबरीत सुटला. चेल्सीचा तो एक गोल कुणी केला असेल? बरोबर ओळखलंत!

पुढे तर ही त्याची सवयच झाली. चेल्सी, इटलीतला एसी मिलान, टॉटनहॅम, वेस्ट हॅम आणि इंग्लंडचा राष्ट्रीय संघ, या प्रत्येकाकडून खेळताना पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला. टॉटनहॅमकडून तर पहिल्या सामन्यात थेट हॅटट्रिक!

त्याचा खेळ होता तरी कसा? तो काही धिप्पाड नव्हता. चेंडूला धाडकन लाथ मारून जाळं फाडणाऱ्यांतलाही नव्हता. बचाव करणाऱ्या खेळाडूंच्या गर्दीतून तो मांजरासारखा अलगद निसटायचा, आणि गोलरक्षक कुठे उभा आहे ते पाहून चेंडू नेमका दुसऱ्या बाजूला सरकवायचा. जणू जाळ्यालाच पास देतो आहे! सरावाचा आणि मैदानाला फेऱ्या मारण्याचा त्याला कंटाळा. पण गोलसमोर चेंडू मिळाला, की त्याच्याइतका शांत माणूस दुसरा नसे. १९६०-६१ च्या एकाच हंगामात त्याने चेल्सीसाठी लीगमध्ये ४१ गोल केले. एकविसावा वाढदिवस साजरा होण्याआधीच त्याच्या नावावर लीगमधले १०० गोल जमा झाले होते!

एक पौंड कमी का?

त्या वेळी इंग्लंडमध्ये एक अजब नियम होता. खेळाडू कितीही मोठा असो, त्याला आठवड्याला २० पौंडांपेक्षा जास्त पगार द्यायचा नाही! १९६१ च्या जानेवारीत ही मर्यादा उठली खरी, पण इटलीतले क्लब त्याच्या कितीतरी पट पैसे देत. त्याच वर्षी ग्रीव्ज मिलानला गेला. तिथे गोल झाले, पण जीव काही रमला नाही. प्रशिक्षकांची शिस्त कडक, घर दूर, भाषा परकी. काही महिन्यांतच तो मायदेशी परतायला निघाला.

टॉटनहॅमचे व्यवस्थापक बिल निकल्सन यांनी त्याच्यासाठी किती पैसे मोजले माहीत आहे? ९९,९९९ पौंड! एक पौंड कमी का बरं? ‘एक लाख पौंडांचा पहिला खेळाडू’ असं ओझं या एकवीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावर नको, म्हणून! गुरू असा हवा, नाही का?

निकल्सन यांचा विश्वास ग्रीव्जने सार्थ केला. १९६२ च्या एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात त्याने तिसऱ्याच मिनिटाला गोल केला. १९६३ मध्ये टॉटनहॅमने अॅटलेटिको माद्रिदला ५-१ असं हरवून युरोपीय करंडक जिंकला. अशी कामगिरी करणारा हा पहिला ब्रिटिश क्लब. त्या पाचांतले दोन गोल ग्रीव्जचे होते.

मैदानात कुत्रा!

आता एक गंमत. १९६२ ची विश्वचषक स्पर्धा चिलीमध्ये होती. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडची गाठ ब्राझीलशी पडली. सामना रंगात आलेला, आणि अचानक एक कुत्रा मैदानात घुसला! सगळे त्याच्या मागे, आणि तो सगळ्यांना हुलकावण्या देतोय. चेंडूला सहज चकवणारा ब्राझीलचा गारिंचासुद्धा फसला. शेवटी ग्रीव्ज हातापायांवर रांगत त्याच्यासमोर गेला आणि त्याने अलगद त्याला उचललं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुत्र्याने मात्र ग्रीव्जच्या अंगावर... शू केली! तेव्हा काही खेळाडूंकडे बदलायला दुसरे शर्ट तयार नसत. बिचारा तसाच खेळला. ब्राझीलने सामना ३-१ असा जिंकला. कुत्रा गारिंचाला मिळाला आणि तो त्याला घरी घेऊन गेला, असं सांगतात. ग्रीव्ज पुढे आयुष्यभर हा किस्सा रंगवून सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

कोट घातलेला बारावा

पण दोस्तांनो, प्रत्येक वेळी हसता येतंच असं नाही. १९६६ ची विश्वचषक स्पर्धा इंग्लंडमध्येच होती. ग्रीव्ज इंग्लंडचा सर्वांत भरवशाचा गोल करणारा खेळाडू. सुरुवातीचे तिन्ही सामने तो खेळला. तिसऱ्यात, फ्रान्सविरुद्ध, प्रतिस्पर्ध्याच्या बुटाने त्याची नडगी फाटली. १४ टाके पडले. त्याच्या जागी जेफ हर्स्ट आला, आणि त्याने अर्जेंटिनाविरुद्ध विजयी गोल केला.

३० जुलै रोजी वेम्बलीवर अंतिम सामना. जखम भरली होती. ग्रीव्ज खेळायला तयार होता. पण व्यवस्थापक आल्फ रॅम्से यांनी जिंकणारा संघ बदलायचा नाही असं ठरवलं. तेव्हा बदली खेळाडूंचा नियमही नव्हता. अकरा म्हणजे अकराच. ग्रीव्ज कोट घालून मैदानाच्या कडेला बसला. इंग्लंडने पश्चिम जर्मनीला ४-२ असं हरवलं, आणि हर्स्टने केली हॅटट्रिक!

सांगा बरं, रॅम्से यांचं काही चुकलं का? निकाल पाहिला तर नाही. आणि ग्रीव्जचं? त्याचंही काहीच चुकलं नव्हतं. कधी कधी कुणाचीच चूक नसते, तरी एकाच्या वाट्याला दुःख येतं. त्या रात्रीच्या मेजवानीला ग्रीव्ज थांबला नाही. त्यानंतर इंग्लंडकडून तो फक्त तीन सामने खेळला. त्या वेळी पदकंही मैदानावर उतरलेल्या अकरा जणांनाच मिळाली. ग्रीव्जच्या हाती पदक पडलं ते २००९ मध्ये, तब्बल ४३ वर्षांनी!

अंधाराची वर्षं

१९७१ मध्ये, अवघ्या एकतिसाव्या वर्षी ग्रीव्जने मोठ्या फुटबॉलला रामराम ठोकला. आणि मग एक वाईट सोबती त्याच्या घरात शिरला. दारू. खेळत असतानाच तिची ओळख झाली होती. खेळ थांबल्यावर ती मालकीण बनली. पैसा गेला, संसार विस्कटला, तब्येत ढासळली. ज्याच्या नावाने हजारो लोक मैदानात गर्जना करत, तो माणूस स्वतःलाच हरवून बसला.

“विश्वचषकाचा अंतिम सामना हुकला, म्हणून बिचारा दारूकडे वळला,” असं लोक म्हणत. पण गंमत बघा, ग्रीव्जने स्वतः हे कारण कधी मानलं नाही. रॅम्से यांच्या माथी त्याने खापर फोडलं नाही. हा आजार आहे, तो आपल्याला झालाय आणि तो आपल्यालाच आवरायला हवा, हे त्याने कबूल केलं. त्याने इतरांची मदत घेतली. १९७८ च्या फेब्रुवारीअखेरीस त्याने दारू सोडली, ती कायमची. दुसऱ्याच वर्षी त्याने पुस्तक लिहून सगळी हकीकत जगासमोर मांडली. झाकलं काहीच नाही. त्या काळी एवढ्या मोठ्या खेळाडूने असं उघडपणे सांगणं ही साधी गोष्ट नव्हती.

सेंट आणि ग्रीव्जी

मग टीव्हीवाल्यांनी त्याला बोलावलं. तो बोलायचा आपल्या पूर्व लंडनच्या घरगुती बोलीत, जसा शेजारच्या घरात बसून बोलावा तसा. मोठमोठे शब्द नाहीत, उपदेश नाही. १९८५ मध्ये ‘सेंट अँड ग्रीव्जी’ हा कार्यक्रम सुरू झाला. जोडीदार होता स्कॉटलंडचा इयान सेंट जॉन. लिव्हरपूलचा हा जुना खेळाडू, ज्याने १९६५ मध्ये एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात विजयी गोल केला होता. एके काळचे प्रतिस्पर्धी आता शेजारी बसून गप्पा मारू लागले!

ग्रीव्जचा आवडता विषय म्हणजे स्कॉटलंडच्या गोलरक्षकांची फजिती. तो चिडवायचा आणि सेंट जॉन, स्वतः स्कॉटिश असूनही, खो खो हसायचा. खेळाकडे बघायचं ते हसऱ्या डोळ्यांनी, हे या दोघांनी लोकांना शिकवलं. ज्याच्याकडून खेळाने इतकं काही हिरावून घेतलं, तोच खेळावर इतकं मोकळं हसू शकत होता! १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, सामने दुसऱ्या वाहिनीकडे गेले, आणि हा कार्यक्रम बंद झाला. पण ती शनिवारची दुपार लोक विसरले नाहीत.

शेवटचा सामना

२०१५ मध्ये ग्रीव्जला पक्षाघाताचा मोठा झटका आला. चाकाच्या खुर्चीची सोबत आली. २०२१ च्या मार्चमध्ये सेंट जॉन गेला. आणि त्याच वर्षी १९ सप्टेंबर रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, ग्रीव्जनेही जगाचा निरोप घेतला.

त्या दिवशी रविवार होता आणि लंडनमध्ये एक सामना ठरलेला होता. कुणाचा, ठाऊक आहे? टॉटनहॅम विरुद्ध चेल्सी! ६४ वर्षांपूर्वी सतरा वर्षांचा जिमी ज्या दोन संघांच्या सामन्यात पहिल्यांदा उतरला होता, तेच दोन संघ, तसंच टॉटनहॅमचं मैदान. सामन्याआधी दोन्ही बाजूंचे प्रेक्षक उभे राहिले. शांतता पाळली नाही कुणी; सगळ्यांनी मिळून टाळ्या वाजवल्या. हसवणाऱ्या माणसाला निरोप द्यायचा तो असाच.

तेव्हा दोस्तांनो, टीव्हीवर एखादे जुने खेळाडू गप्पा मारताना दिसले, की आई-बाबांना, आजी-आजोबांना जरूर विचारा, “हे खेळायचे कसे हो?” बघा, त्यांचे डोळे कसे चमकतात ते!

आकड्यांतला ग्रीव्ज

• इंग्लंडसाठी ५७ सामन्यांत ४४ गोल, त्यांत सहा हॅटट्रिक.
• इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये ३५७ गोल. हा विक्रम त्याच्या निधनापर्यंत कुणालाही मोडता आला नाही.
• सहा हंगामांत लीगमधले सर्वाधिक गोल त्याचे.
• युरोपातल्या पाच मोठ्या लीगमध्ये मिळून ३६६ गोल. हा आकडा २०१७ मध्ये क्रिस्तियानो रोनाल्डोने ओलांडला.
• टॉटनहॅमसाठी २६६ गोल. हा विक्रम २०२३ मध्ये हॅरी केनने मोडला.