वाफा भरेपर्यंत एक वचन

या पानावर आपण नेहमी बियाणे, खते आणि फवारणीविषयी बोलतो. आज जरा वाट वाकडी करतो. पण शेत सोडून जाणार नाही, कारण गोष्ट गव्हाच्या पाण्यापासूनच सुरू होते.

पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी गव्हाला मुकुटमुळे फुटतात, तेव्हा पहिले पाणी चुकवू नका, हे मी गावोगाव सांगत आलो आहे. गेल्या डिसेंबरात नगर जिल्ह्यातल्या एका गावी प्रात्यक्षिकाचा प्लॉट पाहायला भल्या पहाटे गेलो. रात्रीच्या लाइटीचा आठवडा होता. धुक्यात कोणीतरी बोलत असल्याचा आवाज आला. वाटले, मोबाईलवर चालले असेल. जवळ जाऊन पाहतो तर प्लॉटवाले बाबाच. डोक्याला मफलर, हातात फावडे, बगलेत बॅटरी. एकटेच दारे धरत होते आणि तेच ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते.

"काय चाललंय बाबा?" म्हटले.

"वचन पाठ करतोय भाऊसाहेब. एक वाफा भरायला आठ-दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात एक वचन सात-आठ वेळा होतं. दार मोडलं की पुढचं."

खिशातून त्यांनी एक चिठ्ठी काढली. बियाण्याच्या पिशवीवरच्या पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर पेनने तीन ओळी. बाबा ख्रिस्ती. वय सत्तरीच्या पुढे, शिक्षण सातवी. तीन एकर जमीन, दोन गाई. रोज पहाटे आणि रात्री घरात उपासना, आणि त्यातला ठरलेला भाग म्हणजे पवित्र शास्त्राचे वाचन आणि पाठांतर. पन्नास वर्षांत हा नेम मोडला तो फक्त आजारपणात, असे ते सांगतात.

आपल्याकडे तोंडपाठ करणे नवे नाही. माझी आजी निरक्षर होती, पण हरिपाठ तिला शेवटपर्यंत येत होता. त्यामुळे मला नवल वाटले ते पाठांतराचे नव्हे. बाबा पाठ करण्याआधी काय करतात, त्याचे वाटले.

ते आधी सगळा अध्याय वाचतात. बोलतो कोण, कोणाशी आणि कशावरून, हे पाहतात. मग दोन-तीन ओळी निवडून हाताने लिहून काढतात. आधी अध्याय आणि ओळीचा क्रमांक म्हणायचा, मग वचन, आणि शेवटी पुन्हा क्रमांक. "गट नंबर माहीत नसंल तर सातबारा कसा सापडायचा?" हे त्यांचे म्हणणे. तलाठी भाऊसाहेबांना हे लगेच पटेल. हे गट नंबर मूळ ग्रंथात नव्हते, बरं का. आजची अध्यायांची वाटणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडचे स्टीफन लँग्टन यांनी केल्याचे मानतात. नव्या करारातल्या ओळींचे आजचे क्रमांक फ्रेंच मुद्रक रॉबेर एस्तिएन यांनी १५५१ मध्ये घातले. पोटहिस्से पडले म्हणून शोधणे सोपे झाले, पण तोटाही झाला. लोक एकच तुकडा उचलून आणतात आणि शेजारचे रान पाहतच नाहीत. बाबा आधी अख्खा अध्याय वाचतात ते यासाठीच.

दुसऱ्या दिवशी तेच वचन एकदा, तिसऱ्या दिवशी एकदा, मग आठवड्याने, मग महिन्याने. मी म्हटले, हे तर गव्हाच्या पाण्यासारखेच झाले. सगळे पाणी एकदम सोडून भागत नाही, अवस्था बघून द्यावे लागते. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा हिशेब १८८५ मध्ये मांडला. पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने विसरते आणि थांबून थांबून केलेली उजळणी जास्त टिकते, असे त्याला आढळले. बाबांना एबिंगहाउस माहीत नाही. त्यांनी हे आईकडून घेतले.

आई निरक्षर होती. मिशनमध्ये तेव्हा बायबल वाचून दाखवणाऱ्या बाया असत, त्या वस्तीवर यायच्या. आई दळता दळता ऐकायची. दळण संपेपर्यंत दोन ओळी पाठ. अशी अनेक स्तोत्रे तिच्या तोंडी होती, आणि पुस्तक मात्र तिला कधी वाचता आले नाही.

ही रीत बाहेरून आलेली म्हणावी, तर तिची मुळे फार जुनी आहेत. बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात इस्राएल लोकांना सांगितले आहे की देवाच्या आज्ञा मनात ठेवा, मुलांना शिकवा, घरी बसताना, वाटेने चालताना, झोपताना आणि उठताना त्यांविषयी बोला. स्तोत्रे पाठ व्हावीत म्हणून काहींची रचनाच तशी केलेली दिसते. ११९ वे स्तोत्र सगळ्यात मोठे, १७६ ओळींचे. हिब्रू मुळाक्षरे २२. प्रत्येक अक्षराला आठ ओळी, आणि त्या आठही ओळी त्याच अक्षराने सुरू होतात. आपण मुलांना अ अननसाचा शिकवतो ना, त्यातलीच युक्ती. भाषांतरात ती हरवते, हा भाग वेगळा.

मराठीतही पाठांतराची वाट जुनीच. थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले, तेही ओवी छंदात. ओवी कानाला धरते आणि जिभेवर बसते, हे त्यांनी ओळखले होते. पुढे आपल्या जिल्ह्यात नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजने लिहिली. राहुरी म्हटले की आपल्याला कृषी विद्यापीठ आठवते, पण त्याच्या कितीतरी आधी टिळक आणि लक्ष्मीबाई राहुरीत राहून गेले. टिळकांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ज्या बाईला अक्षरओळख लग्नानंतर झाली, तिने!

आणि पंडिता रमाबाई. लहानपणी आईकडून त्यांनी भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत केले होते. १८८३ मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. पुढे दौंड तालुक्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळे बायबल मराठीत आणले. साध्या बायांना कळेल अशी भाषा हवी, हा त्यांचा हट्ट. खिळे जुळवायला आणि छापायला मुक्तीतल्याच मुली-बाया. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या आणि संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये छापून बाहेर पडले. पाठांतराची ताकद आणि समजण्याची गरज या दोन्ही गोष्टी त्यांच्याइतक्या फार थोड्यांनी ओळखल्या असतील.

असो. इतिहास पुष्कळ झाला. बाबांच्या बांधावर परत येऊ.

चहा पिताना मी विचारले, "बाबा, आता मोबाईलवर सगळं बायबल फुकट मिळतं. वाचून पण दाखवतं. मग पाठ कशाला?" नात अकरावीत आहे, ती हसली. तिचाही हाच प्रश्न असणार.

बाबा लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुस्तक मिटता येतं भाऊसाहेब. मोबाईल पण बंद करता येतो. पाठ झालेलं बंद होत नाही. तेच तर अवघड आहे."

आणि मग त्यांनी बांधाची गोष्ट सांगितली.

धाकट्या भावाशी त्यांचा बांधावरून वाद. ट्रॅक्टरने नांगरताना बांध दीड फूट इकडे आला. आधी बोलाचाली, मग मोजणी, मग कोर्ट. अकरा वर्षे. दोन्ही घरे एकाच चर्चमध्ये, एकाच ओळीतल्या दोन टोकांना. एकमेकांच्या लग्नाला गेले नाहीत. आणि या अकरा वर्षांत बाबांचे पाठांतर एक दिवस चुकले नाही! हे ते स्वतःच सांगत होते, मान खाली घालून.

प्रभूची प्रार्थना ख्रिस्ती माणूस रोज म्हणतो. तिच्यात एक मागणे आहे की आम्ही आमच्या ऋणी माणसांना जसे सोडले तसे आम्हालाही सोड. बाबा म्हणाले, "इतकी वर्षं ती ओळ मी घाईनं म्हणायचो. काट्यावरून पाय उचलावा तशी."

दोन वर्षांपूर्वी त्यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय पाठ करायला घेतला. त्यात पेत्र विचारतो की भावाने अपराध केला तर किती वेळा क्षमा करायची, सात वेळा? आणि येशू एका राजाची गोष्ट सांगतो. चाकराचे डोंगराएवढे कर्ज राजा सोडून देतो. तोच चाकर बाहेर पडतो आणि किरकोळ रकमेसाठी दुसऱ्या चाकराचा गळा धरतो.

पाठ करताना बाबा आकड्यांपाशी अडले. मूळ ग्रीकमध्ये राजाचे येणे दहा हजार तालांत, आणि दुसऱ्या चाकराकडचे शंभर दिनार. म्हणजे किती? त्यांनी पाळकांना विचारले. पाळकांनी विसावा अध्याय काढून दाखवला. तिथे द्राक्षमळ्यात रोजाने लावलेल्या माणसांना दिवसाची मजुरी एक दिनार ठरली आहे. आणि एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार. बाबांनी वहीत हिशेब केला. शंभर दिनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी, कमी नव्हे. पण दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांची! वर्षाला तीनशे दिवस काम धरले तरी दोन लाख वर्षे.

मग त्याच पानावर त्यांनी दुसरा हिशेब मांडला. तो मी पाहिला आहे. बांध दीड फूट सरकला, लांबी चारशे फूट. सहाशे चौरस फूट. गुंठा होतो एक हजार एकोणनव्वद चौरस फुटांचा. म्हणजे अकरा वर्षे चालली ती अर्ध्या गुंठ्याच्या किंचित वर जागेसाठी. वकिलाची फी आणि तालुक्याच्या खेपा त्यांनी मांडल्या नव्हत्या. "त्या मांडायला हात चालंना," म्हणाले.

रात्री दारे धरताना तोच अध्याय तोंडात. वाफा भरला, दार मोडले, पुढची ओळ. गळा धरल्याच्या ओळीपाशी येऊन गाडी थांबायची. तीन रात्री तिथेच थांबली. चौथ्या दिवशी सकाळी मोटार बंद झाल्यावर फावडे तसेच खांद्यावर घेऊन ते भावाच्या वस्तीवर गेले.

तुम्हाला वाटेल, पुढे गळाभेट झाली. तसे काही नाही. भावाने बसायला घोंगडी टाकली, पण स्वतः चहा घेतला नाही. "कोर्टात हरशील म्हणून आलास का?" असेही विचारले. बाबा म्हणाले, "तुझं ते तुझ्याकडं राहू दे, मी सोडलं." आणि परत आले. दावा मिटायला त्यानंतर वर्ष लागले. पण त्या उन्हाळ्यात सामाईक विहिरीच्या पाळ्या पुन्हा लागल्या, आणि विहिरीचा गाळ दोघांनी मिळून काढला. एवढे झाले.

मी हे लिहू का, असे विचारले तेव्हा बाबा म्हणाले, "लिहा, पण नाव नको. आणि पाठांतरानं मी चांगला झालो असं लिहू नका. अकरा वर्षं पाठांतर करूनच भांडत होतो." म्हणून तसे लिहीत नाही. वचने पाठ असणारा माणूस ती दुसऱ्याला मारायलाही वापरू शकतो, हे बायबलही जाणून आहे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात येशू वाळवंटात चाळीस दिवस उपाशी असताना सैतान त्याला स्तोत्रातलेच वचन ऐकवतो. येशू तिन्ही वेळा अनुवाद या पुस्तकातली वचने सांगून उत्तर देतो. दोघांनाही पाठ आहे. फरक कुठे, तो वाचणाऱ्याने पाहावा.

ज्यांना हा नेम धरायचा आहे, त्यांना बाबांचे सांगणे थोडके आहे. आठवड्याला दोन ओळी पुष्कळ. बक्षिसासाठी पाठ करू नये. रविवारच्या शाळेत लहानपणी त्यांनी बक्षिसासाठी केलेले सगळे विसरून गेले. मोठ्याने म्हणावे, कारण मनातल्या मनात चूक कळत नाही. हाताच्या कामाला जोडून घ्यावे. धार काढताना, दारे धरताना, एसटीत. आणि अर्थ अडला तर तिथेच थांबून कोणाला तरी विचारावे, पुढे रेटू नये.

मला स्वतःला या भेटीचा एक फायदा झाला. पूर्वी शिवार फेरीत मी एका दमात बारा शिफारशी सांगायचो, आणि पुढच्या खेपेला एकही कोणाच्या लक्षात नसायची. दोष मी ऐकणाऱ्यांना द्यायचो. आता एका खेपेला एकच सांगतो आणि पुढच्या खेपेला तीच विचारून मग दुसरी.

बाबांच्या डाव्या डोळ्याला काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. उजवा डोळा थेंब टाकून सांभाळायचा. म्हणून सध्या त्यांची घाई चालली आहे. नात संध्याकाळी वाचून दाखवते, पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात लिहून देते, आणि चुकले की टोकते. यंदा त्यांनी ११९ वे स्तोत्र धरले आहे. मी गेल्या आठवड्यात गेलो तेव्हा तिसऱ्या अक्षरावर होते. गव्हाला दुसरे पाणी चाळिसाव्या ते पंचेचाळिसाव्या दिवशी, म्हणजे नाताळाच्या आसपास येईल. तोवर चौथ्या अक्षराच्या आठ ओळी होतील, म्हणाले. लाइट दिवसाची मिळाली तर दोन-तीन कमी, रात्रीची मिळाली तर सगळ्या.